कुंकू, बांगड्या आणि सातबारा
(सोलापूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीला दोनच दिवस उरले होते. पती निवर्तल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार गावात होऊ नयेत, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे अनुकरण करण्याचे आवाहन केले. हेरवाडचे नाव सर्वत्र झाले, ते योग्यच झाले. परंतु हा विषय लावून धरणारे प्रमोद झिंजाडे आणि त्यांचे महात्मा फुले समाजसेवा मंडळ आपल्या करमाळ्याचे आहेत. आपल्या पश्चात पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असे प्रतिज्ञापत्रच झिंजाडे यांनी करून ठेवले.

ठराव झाला, पुढे काय? या प्रश्नासाठी मी आज तुम्हांला थोडे दूर, आफ्रिकेत नेणार आहे. आफ्रिका म्हटले की ढोल, मुखवटे आणि मागासलेपण एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. गोऱ्या साहेबाने आपले जे चित्र रंगवले, तेच आपण त्यांचे रंगवतो. वास्तविक २३ जून हा आंतरराष्ट्रीय विधवा दिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली मान्य केला, तो गॅबन या आफ्रिकी देशाच्या पुढाकाराने. पन्नासहून अधिक देशांच्या खंडाविषयी सरसकट बोलणे शहाणपणाचे नाही. मी दोन देशांपुरतेच बोलतो.

केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी लुओ समाज राहतो. पतीच्या मृत्यूनंतर त्याच्या भावाने किंवा कुळातील अन्य पुरुषाने विधवेचा स्वीकार करावा, अशी तेथील जुनी रूढी. जमीन कुळाची होती. त्यामुळे या रूढीने विधवेला घर व शेत मिळे, मुलांना कुळाचा आधार राही. तिची संमती कितपत विचारात घेतली जाई, हा प्रश्न सोडून देता येणार नाही. तरी ती उघड्यावर पडत नसे. १९५४ च्या स्विनर्टन योजनेपासून इंग्रज सरकारने शेतजमिनीचे वैयक्तिक पट्टे करण्याचे धोरण घेतले. पट्टे बहुधा पुरुषांच्या नावे झाले. रूढीचे शब्द तेच राहिले, अर्थ मात्र पालटला. सांभाळायला येणारा दीर आता जमिनीसाठी येऊ लागला. त्यातच एड्सची साथ आली आणि आधाराची म्हणून चालत आलेली रूढी रोग पसरविणारी ठरली.

या संघर्षाचा एक खटला साऱ्या आफ्रिकेत गाजला. नैरोबीतील नामवंत वकील एस. एम. ओटिएनो २० डिसेंबर १९८६ रोजी वारले. ते लुओ, तर त्यांच्या पत्नी वाम्बुई किकुयू समाजाच्या, माऊ माऊ लढ्यात काम केलेल्या. पतीचे दफन नैरोबीजवळच्या शेतात करावे, तशी त्यांची इच्छाच होती, असे वाम्बुईंचे म्हणणे. कुळाचे म्हणणे, देह गावीच जाईल. सुमारे पाच महिने प्रेत शवागारात आणि प्रकरण न्यायालयात. १९८७ च्या मे महिन्यात अपील न्यायालयाने रूढीच्या आधारे कुळाच्या बाजूने निकाल दिला. ज्याचे आयुष्य न्यायालयांत गेले, त्याच्या देहावर त्याच्या पत्नीचा अधिकार न्यायालयाला मान्य झाला नाही. वाम्बुई त्या अंत्यविधीस गेल्या नाहीत. ही शिकलेल्या, लढवय्या स्त्रीची गत. खेड्यातील निरक्षर विधवेची काय असेल?

झांबियाची हकीकत निराळी आहे. तेथील टोंगा समाजात मृताची छाया उतरावी म्हणून विधवेला पतीच्या नातलगाशी शरीरसंबंध करावा लागे. एड्सच्या काळात या ‘शुद्धी’ला पर्याय पुढे आले. कोठे गाईवरून उडी मारणे, कोठे वनौषधींचा उपयोग. आपल्यातील काही बुद्धिवादी मित्र यावर हसतील: एक अंधश्रद्धा गेली, दुसरी आली. मी हसणार नाही. दुःखाच्या प्रसंगी माणसाला काहीतरी करावेसे वाटते. ते निरुपद्रवी आणि तिला मान देणारे असेल, तर आपण आडवे का यावे? शिवाय १९८९ च्या वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर मिळकतीचा पाचवा हिस्सा जोडीदाराला, निम्मा मुलांना दिला आणि मालमत्ता बळकावणे हा गुन्हा ठरविला. कायद्याने सारे साधले असे नाही, परंतु विधी आणि मिळकत हे दोन्ही प्रश्न तेथे एकाच वेळी हाती घेतले गेले.

आपल्याकडे हे दोन प्रश्न वेगळे पडले आहेत. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्याने विधवेला लग्नाची मोकळीक दिली आणि लग्न केल्यास पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला. केनियाच्या १९७२ च्या वारसा कायद्यातही विधवेचा हयातीपुरता हक्क पुनर्विवाहाबरोबर संपत असे! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आपल्याकडील विधवा मुलांच्या बरोबरीची वारस झाली, पूर्ण मालक झाली. ती कागदावर. प्रत्यक्षात, कुंकू पुसणे ही या घरातील तिचा अधिकार संपल्याची जाहीर दवंडीच असते. ती ऐकूनच भाऊबंद हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतात.

१८९० साली मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही, असे ठरविले. नारायण मेघाजी लोखंडे यांची त्यामागे प्रेरणा होती. ज्यांच्या श्रमावर रूढी चालते त्यांनीच हात आखडता घेतला. आज बांगड्या फोडणारा हात घरातल्याच बाईचा असतो, बहुधा स्वतः विधवा असलेल्या वडीलधाऱ्या बाईचा. तिला दोष देऊन उपयोग नाही. तिच्या ओट्यावर बसून बोलले पाहिजे. आपल्या शहरात विड्या वळणाऱ्या हजारो बाया आहेत. विडी हजारावर मोजली जाते, वळणारीच्या कपाळावर काय आहे हे कारखानदार पाहत नाही. कुंभारीला २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. घर स्वतःचे असलेल्या बाईशी दीर कोणत्या आवाजात बोलतो, ते तेथे जाऊन ऐका.

संक्रांतीच्या दिवसांत सिद्धरामेश्वराच्या अक्षता सोहळ्याला सारे शहर लोटते आणि गल्लोगल्ली हळदीकुंकू होते. त्यात विधवेला बोलावणे नसते. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरचे पहिले बोलावणे तिला गेले पाहिजे. ग्रामसभेत ठराव मांडाल तेथे वारसनोंदीचा विषयही त्याच दिवशी घ्या. जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावयाचे असते. तेराव्याला जमलेले भाऊबंद म्हणतात, ‘घाई कशाला, आम्ही आहोत ना!’ आणि ते तीन महिने निघून जातात. तलाठ्याकडे तिच्यासोबत कोणी जावयाचे, याची तालुकावार यादी आज येथून उठण्यापूर्वी करू.