लग्न झालं की थांबेल?



"पाळीत पोट दुखायचंच, लग्न झालं की थांबेल." हे मी ऐकलंय, आणि समाजकार्य शिकण्याआधी इतर मुलींना सांगितलंयही. म्हणून आज लिंडा ग्रिफिथ यांच्याविषयी बोलते.

अमेरिकेतल्या एमआयटीत त्या जैवअभियांत्रिकीच्या प्राध्यापिका. लहानशा साधनात माणसाच्या यकृताच्या पेशी वाढवायच्या, बारीक वाहिन्यांतून द्रव खेळता ठेवायचा, म्हणजे त्या शरीरातल्यासारख्या जगतात. औषधं, आजार त्यांच्यावर तपासता येतात. या कामात त्यांचं नाव झालं. २००६ साली मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली.

आणि घरी? एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या. तरी स्वतःच्या दुखण्याकडे संशोधनाचा विषय म्हणून वळायला त्यांना वेळच लागला! २००९ साली त्यांनी एमआयटीत स्त्रियांच्या आजारांसाठी संशोधन केंद्र काढलं.

प्रयोगशाळेतल्या उंदरांना पाळीच येत नाही. मग अभ्यास करायचा कशावर? बायकांनी दिलेल्या अस्तराच्या पेशी हे केंद्र जेलमध्ये वाढवतं, संप्रेरकं देऊन पाळीचं चक्र त्यात उभं करतं. २०१४ साली ओटीपोटातला द्रव तपासताना या गटाला काही रुग्णांमध्येच सुजेची एक सारखी खूण सापडली. म्हणजे नाव एक, आजार कदाचित अनेक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना हे दुखणं आहे, आणि निदानाला ४ ते १२ वर्षं लागतात. वस्तीतल्या मुलींना नुसतं "दुखतं का?" विचारू नका, त्या "नाही" म्हणतात. शाळा किती दिवस बुडते, ते विचारा.