मोटारीखालचा तेलाचा डाग

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला सकाळीं गाडीखालीं तेलाचा काळा डाग दिसला, म्हणजे त्याच्या मनांत दोनपैकीं एक विचार येतो. "गाडी जुनी आहे, चालायचेंच" हा पहिला. आणि "आतां सारें इंजिन खोलावें लागणार" हा दुसरा. बहुधा दोन्ही चुकीचे ठरतात. गळती क्षुल्लक मानूं नये, तशीच ती भयंकरहि मानूं नये. आधीं तिचा उगम शोधावा.

उदाहरणादाखल कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली प्रीमियर पद्मिनी घेऊं. इटलीच्या फियाट ११०० या गाडीची ही भारतीय आवृत्ति. मुंबईच्या टॅक्सीच्या रूपानें ती आबालवृद्धांच्या परिचयाची झाली. २००० सालाच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें तिच्या शेवटच्या टॅक्सीहि मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. तथापि कांहीं कुटुंबांनीं आपली पद्मिनी अद्याप जिवापाड सांभाळली आहे. तिचें १०८९ घन सेंटिमीटरांचें, चार सिलिंडरांचें इंजिन रचनेनें साधें असल्यामुळें किरकोळ दुरुस्ती घरीं करतां येते.

तेल गळाल्यानें बिघडतें काय, हें प्रथम समजून घ्यावें. इंजिनांतील फिरता दांडा व त्याचीं बेअरिंगें हीं एकमेकांस प्रत्यक्ष घासत नाहींत; त्यांच्यामध्यें तेलाचा पातळ थर असतो. तेल संपून तो थर तुटला, तर थोड्याच मिनिटांत बेअरिंगें जळतात आणि शेंकड्यांचें काम हजारांवर जातें. म्हणून गळती बंद होईपर्यंत रोज सकाळीं, गाडी सपाट जागीं व इंजिन थंड असतां, तेलाची पट्टी काढून पातळी पाहावी. वाटेंत तेलाचा तांबडा दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावें. दुसरा धोका आगीचा. तप्त धुराच्या नळावर तेल ठिबकून जळका वास येऊं लागला, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी बाहेर काढूं नये.

आतां शोधाविषयीं. तेल वरून खालीं ओघळतें आणि पंख्याच्या वाऱ्यानें मागें पसरतें. त्यामुळें थेंब पडतो एकीकडे आणि भेग असते दुसरीकडे. कित्येक मालक थेंब चेंबराखालीं दिसतांच चेंबराचे बोल्ट आवळीत सुटतात. दुखणें हल्याला आणि औषध पखालीला, अशी ही गत! मूळ गळती तर थांबत नाहींच; उलट जादा आवळल्यामुळें चेंबराची कड वाकते आणि तेथेंहि तेल झिरपूं लागतें.

यास्तव इंजिन थंड झाल्यावर रॉकेल व ब्रश घेऊन त्याची बाहेरची बाजू स्वच्छ करावी व कोरडी पुसावी. या कामीं पेट्रोल कदापि वापरूं नये. रॉकेल पूर्ण उडून गेल्यावर संशयित सांध्यांवर अंगाला लावण्याची साधी पावडर भुरभुरावी, चार-पांच किलोमीटर गाडी चालवावी व पुन्हा पाहावें. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ जेथून सुरू झालेली दिसेल, तेथेंच दोष आहे असें समजावें.

पुष्कळ वेळां ही रेघ सर्वांत वरून, म्हणजे झडपांवरील झाकणापासून निघते. यालाच मेकॅनिक टॅपेट कव्हर म्हणतात. त्याखालचें बुचाचें पॅकिंग उष्णतेनें कडक होऊन चिरतें. झाकण काढून जुनें पॅकिंग लांकडी चिपेनें खरवडावें. त्याचे तुकडे इंजिनांत पडूं देऊं नयेत. झाकणाची कड वाकली असल्यास ती सपाट लांकडावर हलक्या हातानें ठोकून सरळ करावी. दोन्ही पृष्ठभाग निखालस कोरडे करून नवें पॅकिंग बसवावें. चिकटलेप लावणेंच झाल्यास तो झाकणाच्या बाजूस, तोहि अगदीं पातळ लावावा. जास्तीचा लेप तेलांत पडून पंपाची जाळी बुजवितो. नट समोरासमोरचे, थोडथोडे, आळीपाळीनें आवळावेत. बूच नुसतें दबलें कीं पाना थांबवावा. अधिक जोर केल्यास तें फुटून बाहेर येतें.

नवें पॅकिंगहि लवकरच गळूं लागलें, तर इंजिनाची श्वासनळी तपासावी. इंजिनांत सांचणारा वायु या नळीवाटें बाहेर पडतो. ती काजळीनें तुंबली म्हणजे आंत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटींतून बाहेर ढकललें जातें. मात्र इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यांतून तेल येत असेल, तर गिअरबॉक्स उतरवावी लागते. तें काम जाणत्या मेकॅनिकाकडेच सोंपवावें.

सर्वांत महत्त्वाची सूचना जिवासंबंधीं आहे. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखालीं कोणीहि शिरूं नये. जॅक घसरण्यास क्षणहि लागत नाहीं. चाकांना अडण्या लावून गाडी भक्कम लोखंडी आधारांवर टेकवावी, मगच खालीं जावें. बंद गॅरेजमध्यें इंजिन सुरू ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास.

काम संपल्यावर उरलेलें काळें तेल गटारांत ओतूं नये. तें डब्यांत भरून जुनें तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावें. नंतर रात्रभर गाडीखालीं पांढरा पुठ्ठा ठेवावा. सकाळीं तो कोरडा निघाला, तरी आठ दिवस पट्टी पाहण्याचा नेम मोडूं नये. पातळी उतरली नाहीं, म्हणजे गळती खरोखर थांबली असें समजावें.