गाण्याची दुसरी प्रत



घरच्या संगणकातला गाण्यांचा साठा कशात ठेवावा आणि त्याच्या प्रती कशा राखाव्यात, हा आजचा विषय. वसंत व्याख्यानमालेत तो थोडा रूक्ष वाटेल, हे खरे. परंतु तुळजाभवानीच्या या जिल्ह्यात आराध्यांची गाणी, गोंधळ, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, हे सारे कित्येक घरी कॅसेटींवर पडून आहे आणि त्या कॅसेटी आता संगणकात उतरवल्या जात आहेत. चित्रपटातले गाणे हरवले तर बाजारात पुन्हा मिळेल; आजीचा आवाज कोणत्या दुकानात मागणार? तेव्हा काळजी आधी कशाची घ्यायची, हे येथेच ठरले.

प्रथम हिशेब मांडू. सीडीच्या प्रतीचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहिला जातो आणि तासाभराच्या गाण्याला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. 'फ्लॅक' नावाच्या रीतीने तोच ध्वनी काहीही न गमावता जवळजवळ निम्म्या जागेत बसतो. 'एमपी३' त्याहून पुष्कळ कमी जागा घेते खरे; पण ते ध्वनीचा काही भाग कायमचा टाकून देते, म्हणून घरच्या मूळ ध्वनिमुद्रणाला ते नको. साठ मिनिटांच्या पाचशे कॅसेटी असल्या तरी एक टेराबाइटचा तिसरा हिस्साही भरत नाही. दुकानदार आठ टेराबाइटची पेटी पुढे करील. तिची गरज नाही.

आता साधनाची निवड. हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे फिरते आणि तिच्यावरून केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी अंतरावर वाचणारे टोक तरंगत असते. चालू असताना ती पडली की बहुधा संपलीच. एसएसडीत हलणारे काही नसते. ती वेगवान असते, धक्का सोसते. मात्र तिच्यातली माहिती विजेच्या भारावर टिकते आणि वीज न देता वर्षानुवर्षे, त्यातही उन्हाळ्याच्या उष्म्यात, कपाटात ठेवल्यास ती पुसट होऊ शकते. शिवाय गाणे ऐकण्यास वेग लागतोच किती? साध्यातली साधी हार्ड डिस्कही त्यासाठी पुष्कळ झाली. म्हणून रोजच्या कामाला एसएसडी आणि साठवणीला हार्ड डिस्क, असे माझे मत आहे. पेन ड्राइव्ह गाणी इकडून तिकडे नेण्यापुरता वापरावा.

एकाच वेळी दोन तबकड्यांवर लिहिणाऱ्या पेट्याही मिळतात. एक तबकडी बिघडली तर दुसरी वाचवते, हे बरोबर. पण नातवाने चुकून एखादी फाइल पुसली तर ती दोन्हींवरून त्याच क्षणी जाते आणि वीज कडाडली तर दोन्ही एकदमच जळू शकतात. तिला दुसरी प्रत म्हणणे ही फसवणूक आहे.

आणि खरा धोका याहून मोठा असतो, हे आपल्या जिल्ह्याला कोणी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूरकडील किल्लारी आणि आपल्याकडील सास्तूर या परिसरात दगडमातीच्या जाड भिंतींची, जड माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. माणसांपुढे वस्तूंचा हिशेब कोण करील! तरीही एक गोष्ट त्यातून घ्यावी लागते. एका छपराखाली दहा प्रती ठेवल्या तरी त्या एकाच प्रतीइतक्या असतात.

म्हणून एक भारी तबकडी घेण्यापेक्षा दोन साध्या घ्या. संगणकातली एक, कपाटातली एक आणि परगावची एक, अशा तीन प्रती झाल्या. मुलगी सोलापूरला नांदत असेल तर तिसरी तिच्याकडे द्या. दिवाळीला माहेरी येताना तिने ती आणावी आणि जाताना ताजी प्रत न्यावी. क्लाउड म्हणजे परक्याच्या संगणकात भाड्याने घेतलेली जागा. ती चौथी प्रत म्हणून ठीक. पण भाडे थकले की भरवसा संपला. आणि वर्षातून एकदा, घटस्थापनेच्या आसपास म्हणा, प्रत्येक प्रत उघडून चार गाणी वाजवून पाहा. कित्येकांची प्रत गरज पडेपर्यंत कोणी उघडलेलीच नसते.

एक गोष्ट राहिली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे, म्हणून आजही कोणती ओवी कोणाची, हे सांगता येते. आपल्या फाइलीचे नाव मात्र 'ट्रॅक ०७' असते! कोण गाते, कोठे, कोणत्या साली, संबळावर कोण आहे, एवढे तरी लिहा. आणि ते सांगू शकणारी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवर, त्यांना शेजारी बसवून लिहा. मूळ कॅसेटीही टाकू नका. त्या उन्हापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर, कोरड्या जागी उभ्या ठेवा.