इंग्रजी शिकविणाऱ्यांची बाजू
(अंबाडी येथे जुबिलीच्या सायंकाळी झालेले भाषण)



जुबिलीच्या समितीने मला शिक्षण या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. विषय फार विस्तीर्ण आहे. त्यात शिरलेला वक्ता लवकर बाहेर पडत नाही, आणि मागच्या मांडवातून भाताचा वास तर आताच येऊ लागला आहे. म्हणून मी त्यातील एकच कोपरा घेतो. आपल्या गावच्या आणि पाड्यांवरच्या मुलांना जे मास्तर व ज्या बाई इंग्रजी शिकवितात, त्यांच्या वाट्याला काय येते, एवढेच मी सांगणार आहे.

हाच कोपरा का, तेही सांगितले पाहिजे. रविवारी मिस्सा आटोपून मी ओसरीवर उभा राहिलो, म्हणजे आईबाप दोन प्रश्न घेऊन येतात. पहिला, "फादर, पोराला इंग्रजी शाळेत घालू की मराठी?" आणि दुसरा, जरा रागाने, "पोरगा सातवीला गेला, पहिलीपासून इंग्रजी शिकतोय, तरी चार वाक्यं धड बोलता येईनात. मास्तर करतात तरी काय?" पहिल्या प्रश्नाकडे मी शेवटी वळेन. दुसऱ्या प्रश्नात एका माणसावर आरोप आहे, आणि तो माणूस त्या वेळी ओसरीवर हजर नसतो. आज तो येथे बसला आहे; म्हणून त्याच्या समक्षच त्याची बाजू मांडतो.

आपल्यातील जे आजोबा आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांनी इंग्रजीचे पहिले अक्षर आठवीत गिरविले. पुढे ते पाचवीत आले. मीही पाचवीतच 'ए, बी, सी, डी' शिकलो. जून २००० पासून महाराष्ट्र शासनाने ते मराठी शाळांतूनही पहिलीपासून सुरू केले. हेतू चांगला होता. परंतु त्या दिवशी वर्गावर उभ्या असलेल्या बाई त्याच होत्या. त्यांचे अध्यापनाचे शिक्षण मराठीत झालेले. इंग्रजी त्यांनी पुस्तकातून घेतलेले, फार तर घरी तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर घोटलेले. त्या भाषेत त्यांनी कधी बाजार केला नव्हता, कोणाशी भांडण केले नव्हते, कोणाचे सांत्वन केले नव्हते. आणि त्यांना आज्ञा झाली की सहा वर्षांच्या मुलाला ही भाषा बोलती करा.

आता भाषा तरी कशी आहे पाहा. आपले मूल म्हणते, "मला भूक लागली." आपल्याकडे भूक कोठून तरी येते आणि मुलाला लागते. इंग्रजीत असे नाही. तेथे 'आय' म्हणून मूल स्वतःच पुढे उभे राहते, आणि भुकेलेपण हा त्याचा गुण होतो. ताप येणे, राग येणे, आठवण होणे, सर्व ठिकाणी हीच ओढाताण. आपण 'टेबलावर' म्हणतो, तेथे 'वर' मागून येते. इंग्रजीत 'ऑन' आधी येऊन बसते. आपले क्रियापद शेवटी सावकाश येते, त्यांचे मध्येच घुसते. 'ए' आणि 'द' ही दोन इवलीशी अव्यये तर मराठीत नाहीतच. ती कोठे घालावी हे शिकविताना मोठमोठे पंडित घामाघूम होतात. लिपीचे दुःख निराळे. च, ज, झ यांसारखी थोडी अक्षरे सोडली तर आपण लिहितो तसे वाचतो. इंग्रजी सुरीच्या आरंभी मात्र एक 'के' मुकाट उभा असतो. मुलाने त्याचा उच्चार केला तर चूक, आणि लिहावयास विसरले तरीही चूक.

उलटही होते. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना इंग्रजीने एका 'आंट' मध्ये कोंडले आहे. मूल विचारते, "बाई, यातली कोणती?" बाईंनी काय उत्तर द्यावे? 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेदही 'वी' मध्ये बुडून जातो. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण पित्याला 'आमच्या' म्हणून हाक मारतो, 'आपल्या' म्हणून नव्हे, कारण ज्याच्याशी आपण बोलतो तो प्रार्थना करणाऱ्यांच्या घोळक्यातला नाही. इंग्रजी 'अवर' मधून हे कळावयाचे नाही. हे थोडे विषयांतर झाले, क्षमा करा.

व्याकरणाची अडचण मोठी खरी, तथापि सर्वांत मोठी नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपण सर्व जाणता. हे इंग्रज जेजुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले. आपल्याला इंग्रजी शिकवावयास ते आले नव्हते. त्यांनीच आपली भाषा शिकावयास घेतली. १६१६ साली राचोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत, आणि देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमी लिपीत. त्यांचे कोकणीचे व्याकरण तर त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, प्रसिद्ध झाले. परका माणूस येथवर कसा पोहोचला? त्यांची बुद्धी थोर होती हे तर आहेच. परंतु सासष्टीत भोवतालची माणसे त्यांच्याशी इंग्रजीत बोलणार नव्हती. कबुलीजबाब ऐकावयाचा, आजाऱ्याच्या उशाशी बसावयाचे, तर लोकांच्या भाषेवाचून गत्यंतर नव्हते. आणि ती माणसे त्यांच्या आसपास वर्षानुवर्षे होती.

आपल्या बाईंच्या विद्यार्थ्यांना यातले काय मिळते? दिवसाची एक तासिका, सुमारे चाळीस मिनिटे. वर्गात चाळीस मुले असली, तर एकेकाच्या वाट्याला बोलावयास एक मिनिट. त्यातही हजेरी, खडू आणि भांडणे वजा करा. मग घंटा होते आणि भाषा कपाटात जाते. अंबाडी नाक्यावर भाजी घेताना ती लागत नाही, वाड्याच्या एस.टी.त लागत नाही, वज्रेश्वरीच्या जत्रेत लागत नाही. मुलाने घरी जाऊन एखादे वाक्य म्हटलेच, तर थोरला भाऊ हसतो, "आला मोठा साहेब!" दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात तोंड उघडत नाही, आणि बोल मात्र मास्तरांना लागतो.

शिवाय आपण याला 'दुसरी भाषा' म्हणतो, ते तरी सर्वांच्या बाबतीत खरे आहे काय? पाड्यावरच्या वारली किंवा कातकरी घरातून आलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकातील मराठीच दुसरी भाषा आहे. घरी वेगळी बोली, शाळेत प्रमाण मराठी, आणि तिच्या खांद्यावर बसलेले इंग्रजी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर या मुलांसाठी आयुष्य वेचले. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली. गुरे राखावयास गेले तर कुरणात नेली, आणि तिला कुरणशाळा म्हटले. मूल जेथे आहे तेथून आरंभ करावयाचा, हा त्यांचा मार्ग. इंग्रजीच्या बाईंना तो ठाऊक नाही असे नाही. परंतु त्यांच्या हाती पाठ्यक्रम असतो, आणि तो सर्व मुलांना एकाच ठिकाणी उभी धरतो.

आणि मूल एका ठिकाणी राहते तरी कोठे? दिवाळी झाली की आपल्या भागातील किती बिऱ्हाडे वीटभट्ट्यांवर जातात, हे आपणांस सांगावयास नको. मुले बरोबर जातात. परत येतात ती पहिल्या पावसाला. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक ढाक्यास होते. बंगालमधील इंग्रजीच्या शिक्षणावर त्यांनी १९२६ साली ग्रंथ लिहिला. बहुसंख्य मुले शिक्षण अर्ध्यावर सोडतात, हे पाहून त्यांनी एक विचार मांडला. विमा मध्येच सोडला तरी काही रक्कम हाती पडते. तसे भाषेचे शिक्षण असावे, जेथे सुटेल तेथे मुलाच्या हाती काही उरावे. पूर्ण झाले तरच फळ, असे असू नये. त्यांच्या मते अशा मुलांना आधी वाचता आले पाहिजे.

हा विचार मला एका तरुणाने पटवून दिला. तो आपल्याच भागातला, दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण. भिवंडीच्या वाटेवर गोदामांच्या रांगा आहेत, तेथे हमालीस लागला. एके दिवशी त्याने काचसामानाची खोकी उलटी रचली. वर 'फ्रॅजाइल' आणि 'धिस साइड अप' असे छापलेले होते. फुटले ते फुटले, आणि दोन दिवसांची मजुरी गेली. मी त्याला विचारले, "अरे, तुला इंग्रजीत किती गुण होते?" तो म्हणाला, "फादर, 'माय मदर' हा निबंध मला अजून तोंडपाठ आहे." त्याने तो म्हणूनही दाखविला. एकही चूक नव्हती. त्याच्या मास्तरांना दोष देऊ नका. परीक्षेत निबंध येतो, खोके येत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, शाळेचा व्यवस्थापक म्हणून मी वऱ्हांड्यातून चाललो होतो. आत एक बाई इंग्रजीचा धडा मराठीतून समजावीत होत्या. मी त्यांना कार्यालयात बोलाविले आणि सांगितले, इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही चालणार नाही. त्या "बरं, फादर," एवढेच म्हणाल्या. महिन्याने मी पुन्हा गेलो. वर्ग शांत होता. मुले ताठ बसली होती, आणि प्रत्येक वाक्यानंतर "येस, टीचर" म्हणत होती. मी एका मुलाला त्याच्या वडिलांचे नाव इंग्रजीत विचारले. तो उठून हसतमुखाने म्हणाला, "येस, टीचर."

ते हसू मी ओळखले. ते माझेच होते. मराठी शाळेतून मी सेमिनरीत गेलो, तेव्हा तत्त्वज्ञानाची व्याख्याने इंग्रजीत चालत. पहिल्या वर्षी इतर हसले की मी हसत असे, इतरांनी मान हलविली की मी हलवीत असे. रात्री एक वरच्या वर्गातील बंधू माझ्या खाटेशी बसून दिवसाचे सारे मराठीतून सांगे. त्याच्यावाचून मी आज या वेदीपाशी उभा नसतो. हे सर्व मला ठाऊक असून मी त्या बाईंचे तोंड बंद केले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन बोलावे असे ठरविले. मग सण आला, मग परीक्षा आल्या. जूनमध्ये बाई दुसरीकडे गेल्या. क्षमा मागावयाची राहूनच गेली.

ओसरीवरच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. आपल्या मुरबाडचे नाना शंकरशेट १८४० नंतरच्या दशकात मुंबईच्या शिक्षण-मंडळावर होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल सर्व भर इंग्रजीवर देण्याकडे होता. मुंबईत इंग्रजी विद्या रुजविण्यात नानांचा स्वतःचा हात होता. तरी त्यांनी देशी भाषांतून शिक्षणाचा पक्ष घेतला. नानांना इंग्रजी नको होते असे नव्हे. समजणे आधी, असे त्यांचे म्हणणे होते, असे मी मानतो. म्हणून आईबापांना मी एवढेच विचारतो: त्या शाळेत तुमच्या मुलाला "मला समजले नाही" असे म्हणता येते का? कोणत्या भाषेत म्हणता येते? शाळेची पाटी आणि गणवेश पाहून हे कळत नाही. एक दिवस वर्गाबाहेर उभे राहा. माझ्यासारखे व्यवस्थापक होऊन मात्र नको.

समितीला एक विनंती केली होती, ती मान्य झाली आहे. सभागृहाशेजारच्या खोलीतील जुन्या खुर्च्या काढून तेथे एक लांब मेज व दोन कपाटे ठेविली आहेत. दर शनिवारी दुपारी परिसरातील इंग्रजीचे शिक्षक, मग ते कोणत्याही शाळेचे व कोणत्याही धर्माचे असोत, तेथे बसतील, आपसांत इंग्रजी बोलतील, आणि चुकतील तेव्हा कोणी हसणार नाही. त्या गोदामातील तरुणाने औषधाच्या, खताच्या आणि खोक्यांवरच्या छापील पट्ट्या गोळा करून आणावयाचे कबूल केले आहे; पहिली पुस्तके तीच. ज्यांच्या घरी अशा पट्ट्या असतील त्यांनी टाकून देऊ नयेत. खोलीची किल्ली माझ्यापाशी आहे.