रूळ वेगळे, गोणी तीच



14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची देखभाल थांबवली. तेव्हापासून शिरूरच्या माझ्या दुकानात जुनी मशीन घेऊन येणारे वाढलेत. विंडोज 11 त्यांच्यावर चढत नाही आणि नवीन घेण्याइतके पैसे हाताशी नसतात, म्हणून मी लिनक्स टाकून देतो. मशीन उचलून निघताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "सर, यात अँटिव्हायरस टाकलाय ना?" घाईत मी "गरज नाही" म्हणतो. ते उत्तर अर्धं आहे, उरलेलं अर्धं आज सांगायचंय.

त्यासाठी आधी रुळांची गोष्ट. दौंडकडच्या जुन्या मंडळींना बारामतीची छोटी गाडी आठवत असेल. 1914 साली सुरू झालेली ती नॅरो गेज लाईन, रूळ अडीच फुटांचा. शेजारच्या मुंबई-सोलापूर लाईनचा रूळ साडेपाच फुटांचा. इकडचा डबा तिकडे जाणं शक्यच नव्हतं. अशा ठिकाणी मालाच्या गोण्या उतरवायच्या आणि हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत चढवायच्या.

व्हायरस हा शेवटी एक प्रोग्रामच. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस म्हणजे विंडोजच्या रुळावरचा डबा, लिनक्सवर तो सहसा चालतच नाही. शिवाय लिनक्समध्ये बहुतेक सॉफ्टवेअर एकाच अधिकृत भांडारातून येतं आणि सिस्टिमला हात लावायचा तर पासवर्ड द्यावा लागतो. म्हणून घरच्या लिनक्सवर अँटिव्हायरस विकत घेऊ नका, असं मी ठामपणे सांगतो. पण डबा अडला म्हणून गोणीतला उंदीर अडत नाही.

परीक्षेच्या दिवसांत एक विद्यार्थिनी प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह घेऊन आली. माझ्या लिनक्सवर उघडला, तर 'प्रोजेक्ट' नावाचं फोल्डर आणि शेजारी त्याच नावाची, पुढे 'एलएनके' लागलेली इवलीशी फाइल. अशा चार जोड्या. तिच्या घरच्या विंडोजवर खरी फोल्डरं लपवलेली होती, दिसायचे ते फक्त शॉर्टकट. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालायचा आणि मग फोल्डर उघडायचं, त्यामुळे तिला शंकाच आली नाही. माझ्या मशीनला काही झालं नाही. मी प्रिंट काढून ड्राइव्ह तसाच परत दिला असता, तर व्हायरस तिच्याबरोबर कॉलेजच्या लॅबमध्ये गेला असता. म्हणून माझ्या काउंटरवरच्या लिनक्सवर क्लॅमएव्ही नावाचं अँटिव्हायरस आहे. ते फुकट मिळतं. आलेला प्रत्येक ड्राइव्ह आधी त्यातून जातो. झेरॉक्सवाले, सेवा केंद्रवाले, शाळेची लॅब सांभाळणारे, ज्यांच्याकडे दिवसभर परके ड्राइव्ह येतात, त्या सगळ्यांनी हे करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्यासाठी नसेल तर गिऱ्हाइकासाठी करावं.

आता दुसरा भ्रम. "आपली सिस्टिम वापरतंय कोण? चोर कशाला येईल?" 2012 साली फ्लॅशबॅक नावाच्या घातक प्रोग्रामने जावातल्या एका छिद्रातून सहा लाखांच्या आसपास मॅक गाठले. 20 फेब्रुवारी 2016 ला लिनक्स मिंटच्या वेबसाइटवर घुसून कुणीतरी डाउनलोडची लिंकच बदलली. त्या दिवशी तिथून घेतलेल्या प्रतीत मागचं दार उघडं होतं. आणि पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा घाला आपण विसरलेलो नाही. ऑगस्ट 2018 मध्ये दोन दिवसांत 94 कोटी रुपये गेले, बनावट कार्डांनी 28 देशांतून पैसे काढले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारने जगभरच्या बँकांना एटीएम लुटणाऱ्या एका टोळीबद्दल सावध केलं. त्या इशाऱ्यातले टोळीने घुसलेले सर्व्हर आयबीएमच्या एआयएक्स या सिस्टिमवर चालणारे होते. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? सिस्टिम दुर्मिळ होती, पण तिच्यामागे पैसा होता.

आणखी एक गोष्ट लिनक्सवाल्यांच्या लक्षात येत नाही. पासवर्ड सिस्टिम वाचवतो. लेकीच्या लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशेब, जमिनीचे स्कॅन केलेले कागद हे सगळं तुमच्याच नावाने असतं. तुमच्या नावाने चालणारा प्रोग्राम पासवर्ड न विचारता ते पुसू शकतो, कुलूपबंद करू शकतो. ब्राउझरला लावलेलं एखादं भलतंच एक्स्टेन्शन तर कुठल्याच रुळाला बांधलेलं नाही. विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, बँकेचं पान उघडलं की ते तुमच्याबरोबर वाचत बसतं.

तेव्हा अपडेट आलं की टाळू नका. इंटरनेटवर सापडलेली, 'सुडो'ने, म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार मागत, सुरू होणारी ओळ न समजता टर्मिनलमध्ये चिकटवू नका. लिनक्सची प्रत मित्राच्या ड्राइव्हवरून न घेता मूळ ठिकाणाहून घ्या आणि सोबत दिलेला चेकसम, म्हणजे प्रत तपासायचा आकडा, जुळवून पाहा. मिंटच्या लोकांनी त्या दिवशी खरी प्रत ओळखायला तोच आकडा लोकांसमोर ठेवला होता. अँटिव्हायरसचे वाचलेले पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये घाला. आठवड्यातून एकदा कॉपी करा आणि कॉपी झाली की वायर काढून डिस्क कपाटात ठेवा. मशीनला जोडून ठेवलेली डिस्क कुलूप लावणाऱ्यालाही दिसते.