विजेची सायकल : पल्ला, किंमत आणि कामगाराचा हिशेब



आमची शाळा सातवीत सुटली. उरलेले शिक्षण कारखान्याच्या गेटावर, वेतनकरार वाचता वाचता झाले. वसंत व्याख्यानमालेत अशा माणसाने सायकलीवर बोलावे याचे कुणाला नवल वाटले असेल, तर ते साहजिक आहे. पण ज्या पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, तेथे सायकलीवर बोलायला संकोच कशाला?

आरंभी आमची एक चूक कबूल करतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या बावीस सभासदांनी पतपेढीचे कर्ज काढून विजेच्या सायकली घेतल्या. भोसरीहून चाकणच्या बाजूला रात्रपाळीस जाणारी ही माणसे. एका बाजूचा रस्ता अठरा किलोमीटर, आणि पहाटे सुटणाऱ्याला बस मिळेलच असा नेम नाही. विक्रेत्याच्या कागदावर पल्ला छापलेला होता ६० किलोमीटर. जाऊन-येऊन छत्तीस, म्हणजे चोवीस शिल्लक, असा हिशेब सभेत आम्हीच मांडला आणि जामिनाच्या कागदावर सहीही आम्हीच केली. पहिल्याच पंधरवड्यात पेंट शॉपमधल्या एका सभासदाची सायकल पहाटे मोशीच्या अलीकडे बंद पडली. रात्रभर उभा राहिलेला माणूस ते पंचवीस किलोचे धूड पायाने रेटीत घरी गेला. संध्याकाळी गेटावर तो आम्हांला एवढेच म्हणाला, "भाऊ, तुमचं साठ किलोमीटर लई लवकर संपलं."

रागाच्या भरात आम्ही तो छापील कागद पुन्हा वाचला. कागद सरळ खोटा नव्हता, आणि म्हणूनच राग जास्त आला. खाली बारीक अक्षरात लिहिले होते : पायडल मारीत, सपाट रस्त्यावर.

मग आम्ही या विषयाचा अभ्यास करू लागलो. पहिली गोष्ट कळली ती ही, की सायकल घेताना किलोमीटर विचारूच नयेत, वॅट-तास विचारावेत. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करावा. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. ही झाली तुमच्या डब्यातली भाकरी. ती किती पुरेल हे खाणाऱ्यावर आहे. माणूस मनापासून पायडल मारीत असेल, तर किलोमीटरला सहा-सात वॅट-तास लागतात आणि पल्ला पन्नासाच्या पुढे जातो. नुसती मूठ पिळून बसला, तर पंधरा ते अठरा लागतात. म्हणजे वीस-चोवीस किलोमीटरांत खेळ संपला. सायकल तीच, बॅटरी तीच. जाहिरातीतला माणूस सकाळी ताजातवाना फिरायला निघालेला असतो; आमचा माणूस आठ तास राबून परत येत असतो. चढ निराळाच. माणूस आणि सायकल मिळून १०५ किलो वजन शंभर मीटर वर न्यायचे, तर मोटरमधली गळती सोडूनही सुमारे २९ वॅट-तास जातात.

आता किंमत. "चार रुपयांत चार्ज" असे विक्रेता सांगतो, ते खरे आहे. युनिटला दहा रुपये धरा. चार्जरची तूट धरूनही ही बॅटरी भरायला चार रुपयांच्या आसपास पडतात. तीस किलोमीटर चालली, तर किलोमीटरला चौदा पैसे. पण बॅटरीही झिजते, हे तो सांगत नाही. साधी लिथियम बॅटरी सुमारे पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी केली, की तिची ताकद ऐंशी टक्क्यांवर येते. सरासरी नव्वद टक्के धरली, तर तेवढ्यात साडेतेरा हजार किलोमीटर होतात. नवी बॅटरी पंधरा हजारांना पडली असे धरा. किलोमीटरला एक रुपया दहा पैसे झाले! वीज चौदा पैसे आणि बॅटरी एकशे दहा पैसे. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर जाते आणि पेट्रोल शंभर रुपये आहे असे धरले, तर नुसत्या इंधनाचे दोन रुपये होतात. तेव्हा सायकल स्वस्त आहेच, पण विक्रेता म्हणतो तितकी नव्हे. शिवाय रोज छत्तीस किलोमीटर तोडणारा माणूस साडेतेरा हजार किलोमीटर सव्वा वर्षात तोडतो. आमचे कर्ज होते तीन वर्षांचे. बॅटरी म्हातारी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक हप्ते बाकी होते, आणि ते फिटेपर्यंत पतपेढीच्या पायऱ्या आम्ही किती वेळा चढलो, ते आमचे आम्हांस ठाऊक!

मग मोठी बॅटरी घ्यावी काय? युरोपात लांबच्या प्रवासासाठी ७५० वॅट-तासांच्या बॅटऱ्या मिळतात, वजन सव्वाचार किलोच्या आसपास. मोठी बॅटरी रोज निम्मीच रिकामी होते आणि अशी अर्धपोटी वापरलेली बॅटरी जास्त टिकते. तेव्हा लांब पल्ल्याची सायकल लांब जाणाऱ्यासाठीच असते, हा समज चुकीचा आहे. लोह-फॉस्फेटची बॅटरी जड असते, पण पुष्कळ अधिक वेळा भरता येते आणि आगीच्या दृष्टीने बरी. आम्हांला विचाराल, तर पाळीच्या माणसाने तीच पाहावी. अडचण एवढीच की, हे शहाणपण रोख पैसे मागते.

येथेच आमच्यातला युनियनवाला जागा झाला. छत्तीस किलोमीटरांचा पल्ला आम्हांला का लागतो? कारखान्यात चार्जिंगचा सॉकेट नाही म्हणून! तो असेल, तर अठराचा पल्ला पुरतो. घरी परतताना थकलेला माणूस खुशाल मूठ पिळील आणि बॅटरी तळाला जाणार नाही. मालकाला माणशी रोजचा खर्च चार रुपयांहूनही कमी. आम्ही मागणीपत्रात ते कलम घातले.

व्यवस्थापनाने उत्तर दिले, "आग लागेल." आमच्या काही तरुण सभासदांनी याची टिंगल केली, आम्ही करू दिली नाही. २०२३ साली न्यूयॉर्क शहरात लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसे मेली. तेथे घरोघर जेवण पोचविणारे मजूर याच सायकलींवर राबतात. त्याच वर्षी त्या शहराने प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्या विकण्यास कायद्याने बंदी केली. तेव्हा भीती खरी आहे. पण तिचे उत्तर प्रमाणित चार्जर, मोकळी हवा आणि सावली हे आहे. वैशाखात पत्र्याच्या तापलेल्या शेडखाली पूर्ण भरलेली बॅटरी दिवसभर ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य जाळणेच होय.

सरकारचेही थोडे सांगतो. २५० वॅटपर्यंत मोटर, ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन असेल, तर आपल्याकडे लायसन्स वा नोंदणी लागत नाही. हे चांगले. ऑगस्ट २०१९ पासून अशा सायकलीवर जीएसटी ५ टक्के आहे, हेही चांगले. पण तीच बॅटरी सुटी घ्यायला गेलात, की १८ टक्के! खर्चाचा मोठा वाटा बॅटरीतच आहे हे आताच आपण पाहिले, आणि कराचा चिमटा नेमका तेथेच बसतो.

गेल्या करारात आम्हांला अकरा सॉकेट मिळाले. आज सायकली एकतीस आहेत. ज्यांचा रस्ता सर्वांत लांब त्यांनी आधी लावावे, असे सभासदांनीच ठरविले आहे. पेंट शॉपमधला तो सभासद आता चार्जरांची पाळी लावतो, आणि उरलेल्या वीस सॉकेटांचे व शेडच्या छपराचे कलम पुढल्या मसुद्यात त्याच्याच हस्ताक्षरात आहे.