आकाशातला पहारेकरी
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



हवामानाचे उपग्रह हा विषय ऐकून काहींना वाटले असेल, आपला आणि त्याचा संबंध काय? पण वादळवाऱ्यात घर आणि मुलेबाळे सांभाळणाऱ्या बाईचा नाही, तर मग कोणाचा?

१ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने 'टायरॉस-१' हा उपग्रह सोडला आणि ढगांची चित्रे वरून दिसू लागली. आपला 'इन्सॅट-३डीएस' १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला. असे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच गतीने फिरतात. म्हणून ते एकाच जागी उभे असल्यासारखे राहतात आणि त्यांची नजर आपल्यावरून हलत नाही.

रात्री त्यांना कसे दिसते? अंधारातही तव्यावर हात धरला की तो तापला आहे हे न शिवता कळते ना? तसेच हे. ढगांची आणि समुद्राची उष्णता ते दुरून मोजतात. ढगाचा माथा जितका थंड, तितका ढग उंच. आणि समुद्राचे पाणी जितके उबदार, तितके वादळाला बळ अधिक.

परंतु भगिनींनो, पाहणे म्हणजे वाचवणे नव्हे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशावर महाचक्रीवादळ आले, तेव्हाही आपले उपग्रह आकाशात होतेच. तरी सुमारे १०,००० माणसे दगावली. पुढे तेथे किनाऱ्यावर पक्की निवारागृहे उभारली गेली, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. मे २०१९ मध्ये 'फनी' वादळ आले, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोक आधीच हलवले गेले आणि ओडिशातील मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. उपग्रहाने पाहिलेले घरोघर पोहोचले, त्याचे हे फळ!

आपल्याकडेही ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब कोसळले, दूरध्वनी बंद पडले. म्हणजे निरोप द्यायचा तो वादळाआधीच.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक गल्लीतून दोघीजणींनी नावे द्यावीत. हवामान खात्याचा इशारा आला की त्यांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या, बाळंतिणींच्या आणि कच्च्या घरांच्या दारी जाऊन तो सांगावा, आणि जे हलू शकत नाहीत त्यांना हात द्यावा. आकाशातला पहारेकरी जागा आहे. त्याची हाक शेवटच्या दारापर्यंत नेणे आपल्या हाती आहे.